चौदावं कलम

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
१४ ऑक्टोबर १९९१

प्रिय सुभाष,

तुझं पाकीट पोहोचलं. इतकं जाडजूड की पोस्टमनने हातात देताना विचारलं, अमेरिकेहून पुस्तक मागवलंत का बाई? एरवी पाच ओळींच्या पुढे न जाणारा तू, आणि एकदम पाठपोट लिहिलेले नऊ कागद! मला वाटलं काही बरंवाईट झालं की काय. उघडलं तर आत दोन गोष्टी निघाल्या. एक तुझं ते लांबलचक पत्र आणि दुसरा त्याच घडीत घातलेला हक्कसोडीचा मसुदा. मुर्ध्याच्या घरातला आणि खालच्या शेतातला बाबांच्या मागचा माझा हिस्सा मी राजीखुशीने तुझ्या नावे सोडते, असा. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुलीही करून ठेवलीस. पाकीट आल्यापासून दत्तारामकाका एक दिवसाआड येऊन चहा प्यायचे आणि झाली का सही, विचारून जायचे. तू त्यांना कुलमुखत्यार केल्यापासून त्यांची चालच बदलली आहे, बगलेतली बॅग झोपतानाही सोडत नसतील. त्यांना मी सांगितलं होतं की आधी पत्राचं उत्तर लिहिते, मग सहीचं बघते. तेव्हा हे उत्तर.

आधी घरचं सांगते. आयचा गुडघा तसाच आहे. तेल चोळते आणि डॉक्टरच्या नावाने बोटं मोडते. तिला इथे माझ्याकडे आणून ठेवायचा प्रयत्न गणपतीनंतर पुन्हा केला. दोन दिवस राहिली, तिसऱ्या दिवशी पहाटे पिशवी भरून दारात उभी. तिसऱ्या मजल्यावर पाय टेकायला जमीन लागत नाही म्हणे. समोरच्या हंसाबेनशी मात्र तिचं फार जुळलंय. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, त्यामुळेच असावं. मुर्ध्याला आता रिक्षा थेट देवळापर्यंत जाते. राई गावाकडची मिठागरं बरीचशी बुजवली. तू आणि मी जिथे खेकड्यांच्या बिळात काड्या घालत बसायचो तिथे चार मजले उभे राहिलेत आणि त्या चार मजल्यांना टँकरने पाणी येतं. आपलं भात यंदा बरं आहे. भाद्रपदातल्या मोठ्या उधाणाला बांध झिरपला, पण फुटून खांड पडली नाही. बांधातल्या उघाडीची खालची फळी मात्र कुजली आहे. खाडीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं बाहेर जावं एवढं काम करणारी ती एक फळी, पण आय मला तिची रोज आठवण करून देते, जशी काही मी सुतारच आहे.

आता तुझं पत्र. मी शाळेत इतिहास शिकवते खरी, पण आमच्या पुस्तकात अमेरिका म्हणजे कोलंबस आणि समुद्रात फेकलेल्या चहाच्या पेट्या. त्यामुळे तिथल्या मूळच्या लोकांमधलं चोक्टॉ हे नावच मी पहिल्यांदा वाचलं. तुझ्या कारखान्यात मोटारींच्या वायरी जुळवणारी ती एस्टेल त्यांच्यातली, आणि एका रविवारी तिने तुला स्वतःच्या गाडीतून त्या ओढ्यावर नेलं, हे वाचून मला बरं वाटलं. म्हणजे तुला तिथे कुणी घरचं समजून कुठे घेऊन जातं तर. नाचऱ्या सशांचा ओढा हे नाव वाचून मी एकटीच हसले. पुढचं वाचताना ते हसू राहिलं नाही. मला कळलं ते असं, चुकलं तर सांग. १८३० च्या सप्टेंबरात सरकारची माणसं त्या ओढ्याकाठी येऊन उतरली. चोक्टॉ लोक हजारोंनी जमले. सरकारी खर्चाने जेवणावळी झाल्या, पाद्र्यांना येऊ दिलं नाही, जुगारवाल्यांना आणि दारूवाल्यांना मात्र कुणी अडवलं नाही. मागणी एकच होती. मिसिसिपीतली तुमची उरलेली सगळी जमीन द्या आणि त्याबदली मोठ्या नदीपलीकडे पश्चिमेला जाऊन राहा. पुष्कळांनी नाही म्हटलं, आणि नाही म्हटलं म्हणजे विषय संपला असं समजून घरची वाट धरली. जे मागे राहिले त्यांना दम भरून सह्या घेतल्या. लिहिता येत नव्हतं त्यांनी फुल्या केल्या. एक कोटी एकरांहून जास्त जमीन त्या कागदाने गेली.

पण तुझं मन अडकलं ते बायकांपाशी. त्यांच्यात शेती बायकांची, मका बायकांनी लावायचा, घर बाईचं आणि नवऱ्याने तिच्या घरी येऊन राहायचं. बैठकीच्या मधोमध त्यांच्या सात म्हाताऱ्या बसल्या होत्या, बोलणी मात्र भोवतीचे पुरुष करत होते. एक पुढारी जमीन देऊन टाकावी म्हणून बोलायला लागला तेव्हा त्यातली एक म्हातारी सुरी घेऊन उठली आणि तुला दोन काळजं आहेत, तुला चिरून दाखवू का, म्हणाली, असं ते लोक अजून सांगतात. आणि त्याच्या खाली तू लिहिलंस, ‘ताई, ज्यांच्या हातांनी ती जमीन पिकत होती त्यांना कुणी विचारलंच नाही.’ ह्या वाक्याखाली तू रेघ मारली आहेस. रेघ वाकडी आहे. पट्टी वापरायला तू शाळेतही शिकला नाहीस.

ते वाचलं आणि मला आपलं खालचं शेत दिसायला लागलं. आपले बाबा मिठागरावर मुकादम, आठ महिने त्यांचे पाय मिठात. पावसाळ्यात घरी असायचे ते थकलेले. मग त्या शेताचं करत कोण होतं? उधाणाच्या दिवशी बांधावर उभं राहून कुठे बुडबुडा येतो ते बघायचं, आला की कमरेइतक्या पाण्यात उतरायचं आणि चिखलाचे गोळे थापून भोक बुजवायचं. हे सगळं आयने केलं. तुझ्या वेळी तिला सातवा महिना होता तेव्हाही ती उतरली होती, मी बांधावरून रडत होते म्हणून मला दोन धपाटेही मिळाले होते. आत्या, काकू, शेजारच्या सगळ्याजणी, ज्या बांधावर दिसायच्या त्या बायकाच. तरी सात-बाऱ्यावर आयचं नाव लागलं ते बाबा गेल्यावर, तुझ्या आणि माझ्या नावांबरोबर, वारस म्हणून. तेव्हा तू म्हणाला होतास, चला, एकदाची आय जमीनदार झाली. ती हसली होती आणि तुला आणखी एक भाकरी वाढली होती.

गेल्या महिन्यातल्या बैठकीचं दत्तारामकाकांनी तुला काय कळवलंय माहीत नाही. मी तिथे होते, म्हणून जे झालं तेवढंच सांगते. हितेशभाई बिल्डर सकाळी दहाला आपल्या ओटीवर आला, बरोबर एक वकील. माणूस वाईट नाही, चपला बाहेर काढून बसला, आयला ‘मांजी’ म्हणाला. काकांनी वाडीतली चार पुरुष माणसं बोलावली होती. सतरंजीवर नकाशा पसरला. खालच्या शेतात दोन इमारती, घराच्या जागी तिसरी, आणि आयला पहिल्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली. मी चहा घेऊन बाहेर आले तर आय मागच्या दाराने टोपली आणि विळी घेऊन आली आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, नकाशाच्या कडेला, मांदेली साफ करायला बसली. वकिलाने रुमाल नाकाला लावला. हितेशभाईने बिचाऱ्याने तोंड फिरवलं, त्यांच्याकडे मासळीचा वाससुद्धा चालत नाही. काका म्हणाले, वहिनी, आत बसून कर ना. आय म्हणाली, “आत उजेड न्हाय.” आणि सकाळचं लख्ख ऊन होतं बरं का. मग तासभर बोलणी झाली तिच्या डोक्यावरून, किती मजले, किती फूट, पाणी कुठून, आणि ती खाली मान घालून एकेक मांदेली साफ करत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही, चहाचे कप गोळा करत राहिले.

शेवटी काकांनी शाईचं पॅड उघडून तिच्यापुढे धरलं. सुभाषचं सांगणं आहे, अंगठा दे. आयने हात वर करून दाखवला. “हात मासलीचा हाय, कागद नासंल. धुवून येतंय,” म्हणाली, उठली आणि विहिरीकडे गेली. आम्ही बसून राहिलो. चहा परत झाला. हितेशभाईने दोनदा घड्याळ पाहिलं. अर्ध्या तासाने मी जाऊन बघते तर विहिरीवर कुणी नाही. म्हातारी तो दुखरा गुडघा घेऊन मागच्या मागे थेट शेतावर पोहोचली होती आणि उघाडीपाशी फळीचा गाळ काढत बसली होती. मला बघून म्हणाली, “गेलं का ते?” मी तिला रागावले, सगळे खोळंबलेत, काय ते हो नाही सांगून टाक म्हटलं. तेव्हा ती जे बोलली ते मी तुला आजवर कळवलं नव्हतं. “माझा पोर हाय तो. त्याना न्हाय कसा म्हनू? पन हा बी माझ्या तोंडातून निगत न्हाय.” काकांनी तुला आय त्या दिवशी घरी नव्हती असं लिहिलं असणार.

तुझी बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. तिथे घर घ्यायचंय, मुलांना कुठली शाळा मिळणार ते घर कुठल्या वस्तीत आहे त्यावरून ठरतं, हे तू मागच्या खेपेला लिहिलंस. पाच वर्षं झाली तुला जाऊन, किती दिवस भाड्याने राहणार? आणि भात पिकवून आता कुणाचं पोट भरतं इथे, हे तुझं म्हणणंही खरं आहे. आयला खोली मिळेल, पंखा असेल, संडास घरात असेल, मी रिक्षाच्या अंतरावर आहे. मी तुझ्या जागी असते तर बहुतेक असंच ठरवलं असतं.

आणि आपल्यात बहिणी सही करतात, ह्यात नवीन काहीच नाही. सुगंधाआत्याने केली तेव्हा मी लहान होते, मला त्यातलं फक्त तिचं हिरवं लुगडं आठवतं. तिला पाटावर बसवलं, गोडाचं जेवण केलं, साडी-चोळी दिली, आणि जेवणं झाल्यावर तिने कागदावर अंगठा उठवला. ती हसत होती. पुढे प्रत्येक भाऊबीजेला ती आली की बाबा तिला न्यायला स्वतः रस्त्यापर्यंत जायचे. म्हणून हा विधी मला कधी खुपला नाही. बहिणीने हिस्सा सोडायचा आणि भावाने दार उघडं ठेवायचं, इतकं सरळ. माझीही साडी घेऊन झाली आहे. काकू भाईंदरच्या दुकानातून घेऊन आली, मोरपिशी, काठ बरा आहे. हंसाबेनला मी सहज दाखवली तर तिने पदर हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, “वासंतीबेन, साडी तो मेरे कू भी मिली थी. वापी में. अच्छी थी, बहुत चली.” वापी तिचं माहेर. मग आम्ही दोघी भाजी निवडत बसलो.

मला भीती वाटते, सुभाष. सरळच लिहिते. सही नाही केली तर तू रागावशील, पत्रं पाच ओळींवरून दोन ओळींवर येतील आणि मग भेटकार्डांवर. आय आहे तोवर मुर्ध्याचं घर आहे. तिच्यामागे माझं माहेर म्हणजे तूच, सात समुद्रापलीकडे असलास तरी. हे म्हणतात की तुझा निर्णय तू घे, मी मध्ये पडणार नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, नवे कायदे येणार आहेत, कशाला सोडता. ह्या दोन्ही सल्ल्यांचा मला काही उपयोग नाही, कारण मला जमिनीचे पैसे नकोत आणि भाऊ हवा आहे. त्यामुळे तुझं पाकीट आल्यावर पहिले दोन दिवस मी सही करायचीच असं धरून चालले होते. पेन हातात घेऊन बसलेसुद्धा. पण तो मसुदा उलगडला की घडीत त्याच्या पाठीला चिकटलेला तुझा पाचवा कागद बाहेर यायचा, वाकड्या रेघेचा. पाकीट बंद करताना तुझ्या लक्षात आलं नसेल, तू घाईत असतोस. पण मी दोन्ही कागद एकाच टेबलावर समोरासमोर ठेवून बघितले. एका कागदावर तू त्या सात म्हाताऱ्यांसाठी हळहळतोस आणि दुसऱ्यावर तुझी फुली. मला तुझा रागही आला आणि हसूही आलं, आणि कोणतं आधी आलं ते सांगता येणार नाही.

मग मी रविवारी मुर्ध्याला गेले, नेहमीप्रमाणे आयला तुझं पत्र वाचून दाखवायला. तिला वाचता येत नाही, पण पत्रातला एकही शब्द गाळला तर तिला कसा कळतो देव जाणे. मसुदा मी पिशवीतच ठेवला, त्याबद्दल तिला काका आधीच सांगून गेले होते. ओटीवर बसून मी नऊही कागद वाचले. संध्याकाळ झाली. ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती, पण निवडायचं थांबली. मध्येमध्ये विचारत होती. तिकडं भात व्हतं का? मी म्हटलं, मका. खारं पानी न्हाय तितं? नाही. मग बांध कशाला लागतोय, सुखी बाया, म्हणाली. घरजावयाचं ऐकून तिने तोंडाला पदर लावला. पश्चिमेकडे निघताना तिथल्या बायका झाडांच्या पानांवरून, बुंध्यांवरून हात फिरवून गेल्या असं तू लिहिलंस, तिथे तिने मांडीवरचं सूप खाली ठेवलं. सुरीवाल्या म्हातारीचं मात्र तिने मला दोनदा वाचायला लावलं. तिचं पुढे काय झालं, हे तू लिहिलेलं नाहीस. एस्टेलला विचारून कळव, कारण आय रोज विचारते.

आणि मग आलं ते चौदावं कलम. तू ते शेवटच्या कागदावर कोपऱ्यात दाटीवाटीने लिहिलंयस, म्हणून मला चष्मा पुसून वाचावं लागलं. तहात असं एक कलम होतं की ज्यांना जायचं नाही त्यांनी राहावं. घरच्या कर्त्याने सहा महिन्यांत सरकारी एजंटकडे जाऊन मी राहणार असं सांगायचं, त्याने नाव लिहून घ्यायचं, आणि मग त्या कुटुंबाला त्याच मुलखात जमिनीचा तुकडा मिळायचा. लोक गेले. कुणी दिवसदिवस चालत गेले. एजंटने कुणाला उद्या या म्हटलं, कुणाला हाकललं, पुष्कळांची नावं लिहिलीच नाहीत, आणि नाव नाही म्हणून जमीन नाही. एस्टेलचा खापरपणजा त्यातलाच, नाव न लागलेला. तरी तो गेला नाही, दलदलीत झोपडी बांधून दुसऱ्याच्या शेतात राबत राहिला, म्हणून आज एस्टेल तिथे आहे आणि तुला गाडीतून फिरवते. आयने विचारलं, त्या एजंटकडं ती मानसं किती येल बसली? मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. ती म्हणाली, “बसाया पायजे व्हतं. उठाया नको व्हतं.” आणि तांदूळ निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या दाराची बेल वाजली. आय उभी. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात काठी, रिक्षा खाली थांबवून ठेवलेली. मला म्हणाली, शालेत रजा टाक, तलाठ्याकडं जायाचं हाय. का, ते मला रिक्षात बसल्यावर कळलं. तलाठ्याच्या कचेरीत गर्दी होती. भला माणूस, कामात होता, म्हणाला, आजी, दुपारनंतर या. आय कचेरीच्या मधोमध खाली बसली, टेबलाच्या आणि दाराच्या बरोबर मध्ये, गुडघा लांब करून. लोक तिला वळसा घालून जायला लागले. दुपारी मी तिला वडापाव आणून दिला, तो तिने तिथेच बसून खाल्ला आणि अर्धा शिपायाला दिला. शेवटी तलाठीच उठून आला, तिला खुर्ची दिली आणि आमचा अर्ज घेतला. घर आणि उघाडीजवळचा शेताचा तुकडा विकायला वारस म्हणून आयची आणि माझी हरकत आहे, असा. आयने अंगठा उठवला. मी तिच्या शेजारी सही केली. अर्जाची पोच मागून घ्यायची हे तिनेच मला ढोसून सांगितलं. तुझा हिस्सा तुझा आहे, त्याला आम्ही हात लावलेला नाही. वरच्या अंगाला रस्त्याकडची जागा तुझ्या वाट्याला घे, तिला भावही जास्त येईल, हितेशभाईला मी ते बोलले आहे आणि तो विचार करतोय. एक इमारत कमी होईल. तुझं घर कदाचित एखादी खोली लहान होईल, त्याचं मला वाईट वाटतं.

आता हे सगळं मी तुला घाईने का लिहितेय, ते सांगते. काकांचं पत्र माझ्या आधी पोहोचलं तर पोहोचू दे, त्याची मला चिंता नाही. चिंता दुसरी आहे. रिक्षात बसल्यावर मी आयला विचारलं होतं की आजवर तुझ्या तोंडातून हो निघेना आणि नाहीही निघेना, मग आज एकदम काय झालं. तिने माझ्याकडे असं बघितलं जशी मी अगदीच मठ्ठ आहे. म्हणाली, “सुभाषनं कलवलंय ना. दत्तारामच्या म्होरं त्याना उगड लिवता येईना, म्हून त्या बायांची गोष्ट लिवली. अंगठा देऊ नको, आन नाव लिवून घ्या म्हून. नायतर येवढा लांब कागद कशाला लिवंल तो?” तिचा तो समज मी मोडला नाही. तेव्हापासून ती सगळ्या मुर्ध्यात सांगत सुटली आहे. विहिरीवर, देवळात, मासळीच्या वाट्यांवर. माझ्या पोराने अमेरिकेतून नऊ कागद लिहिले, आय, जमीन सोडू नको म्हणून. बाबा गेल्यापासून तिला इतकं ताठ चालताना मी पाहिलेलं नाही, गुडघ्याचं नावसुद्धा काढत नाही. तेव्हा तू रागावला असशील तर मला वेगळं पत्र टाक, शाळेच्या पत्त्यावर, हवं ते लिही, मी वाचीन आणि सोसीन. पण घरच्या पत्त्यावर जे पत्र पाठवशील ते येत्या रविवारीच काय, कधीही आलं तरी मी ओटीवर बसून तिला वाचून दाखवणार आहे, आजवर वाचलं तसंच, एकही शब्द न गाळता. तो मसुदा आणि मोरपिशी साडी मी काकूकडे परत दिली. भाऊबीजेला तुझ्या फोटोला ओवाळणार आहे, दरवर्षीसारखं. उत्तर विचार करून लिही.

तुझीच,
वासंतीताई